वायफायवर "युजर आधीच लॉगिन आहे" येतंय? अडकलेलं सेशन असं सोडवा

रात्री साडेनऊला लाईट जाते, दहा मिनिटांत येते आणि मग हॉस्टेलच्या पोरांचे फोन सुरू होतात, सर पासवर्ड बरोबर आहे पण लॉगिनच होत नाहीये, "युजर आधीच लॉगिन आहे" असं येतंय. त्यात एखाद्याला रात्री बाराच्या आत फॉर्म भरायचा असतो, त्याचा जीव नुसता टांगणीला लागतो. आम्ही सुरुवातीला अशा वेळी सरळ राउटर रिस्टार्ट करायचो आणि घोळ अजून वाढायचा.

आमच्याकडे मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर हॉटस्पॉट (वायफायचं लॉगिन पेज) आहे, मागे फ्रीरेडियस, म्हणजे रेडियस या पद्धतीने लॉगिन तपासणारा सर्व्हर, आणि सगळी नोंद मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. पोरगा लॉगिन झाला की राउटर सर्व्हरला "स्टार्ट" कळवतो, मधे मधे "इंटरिम अपडेट" पाठवतो आणि तो बाहेर पडला की "स्टॉप". हे सगळं जातं यूडीपी पोर्ट १८१३ वरून. आता राउटरचीच लाईट गेली तर स्टॉप पाठवणार कोण? सर्व्हरच्या लेखी पोरगा अजून आतच बसलेला असतो, आणि एका युजरला एकच सेशन (एका वेळी एकच लॉगिन) अशी लिमिट लावली असेल तर त्याला दारातच अडवलं जातं.

म्हणून आधी डेटाबेस उघडून बघा. रेडअ‍ॅक्ट (radacct) टेबलमध्ये ही स्टार्ट-स्टॉपची नोंद असते, तिथे त्या युजरची ओळ काढा. आमच्या एका पोराची ओळ अशी होती: स्टार्ट ९:१४, शेवटचं अपडेट ९:२४, स्टॉपचा रकाना रिकामा, आणि आम्ही बघत होतो तेव्हा वाजले होते १०:४०. दर दहा मिनिटांनी यायला हवं ते अपडेट सव्वा तास आलेलं नाही, म्हणजे हे सेशन मेलेलं आहे. पण अपडेट ताजं असेल तर थांबा, तो कदाचित खरंच दुसऱ्या फोनवरून चालू आहे किंवा पासवर्ड मित्राला दिलाय.

इंटरिम अपडेट चालू नसेल तर आज आत्ता चालू करा, बाकी सगळं नंतर, कारण त्याच्याशिवाय जिवंत आणि मेलेलं सेशन सारखंच दिसतं. दोन अपडेटमधली वेळ ६०० सेकंद ठेवा. रेडियसच्या स्टँडर्डप्रमाणे ६० च्या खाली जायचंच नाही आणि ६०० च्या खालीही शक्यतो नको, उगाच सर्व्हरवर लोड येतो.

ओळ बंद करायच्या आधी राउटरला एकदा विचारून घ्या. रेडियसमध्ये सेशन तोडायला सांगणारा डिस्कनेक्ट मेसेज असतो, यूडीपी ३७९९ वर जातो, त्यासाठी राउटरवर रेडियस इनकमिंग (सर्व्हरकडून आलेले असे मेसेज ऐकायची सेटिंग) चालू लागतं आणि फायरवॉलमध्ये फक्त सर्व्हरच्या आयपीला ते पोर्ट उघडं. राउटरने हो म्हटलं तर सेशन होतं आणि आता तुटलं. नाही म्हणून ५०३ एरर दिला तर त्याच्याकडे असं सेशनच नाहीये, म्हणजे ओळ बिनधास्त बंद करा. बंद करताना स्टॉपच्या रकान्यात आत्ताची वेळ टाकू नका, शेवटच्या अपडेटची टाका, नाहीतर पोराच्या खात्यावर न वापरलेले तास चढतात आणि तासांवर लिमिट असेल तर तो विनाकारण अडकतो. हेच काम दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावा, तीन अपडेट चुकली की, म्हणजे साधारण अर्धा तास, ओळ बंद. पहिले दोनतीन दिवस मात्र नुसती यादी काढून डोळ्याने तपासा, लगेच ओळी बदलणारी क्वेरी मारू नका.

दुसरी तक्रार वेगळी असते, लाईट गेलेली नसते तरी सारखं लॉगिन पेज येतं. इथे बहुतेक वेळा हॉटस्पॉटच्या युजर प्रोफाइलमधला कीपअलाइव्ह टाइमआउट, म्हणजे फोनच्या उत्तराची किती वेळ वाट बघायची ते, बघावा लागतो, मायक्रोटिकवर तो मुळात २ मिनिटं असतो. फोन खिशात झोपला, उत्तर दिलं नाही की राउटर त्याला बाहेर काढतो. आम्ही तो १५ मिनिटं केला आणि ही तक्रार जवळजवळ थांबली. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक अ‍ॅड्रेस (फोनच्या वायफायचा ओळख क्रमांक) न देता बनावट देतो, त्यामुळे मॅक बघून आपोआप आत घ्यायची सोय केली असेल तर पोरांना आपल्या नेटवर्कपुरता रँडम मॅक बंद करायला सांगा.

वैतागून लिमिटच काढून टाकायचा मोह होतो, तो करू नका, एकाच पासवर्डवर अख्खा मजला चालतो आणि ज्याचं खातं आहे त्यालाच स्पीड मिळत नाही. फोन आणि लॅपटॉप धरून दोन सेशन द्या.

आता रिस्टार्टचं. राउटर चालू झाला की सर्व्हरला "अकाउंटिंग ऑन" कळवायची सोय स्टँडर्डमध्ये आहे, ते आलं की सर्व्हर त्या राउटरची सगळी जुनी सेशन बंद करतो. पण लाईट आल्यावर राउटर लवकर उठतो आणि सर्व्हर अजून बूट होत असतो, त्यामुळे तो निरोप ऐकायला कुणी नसतंच. म्हणून आधी सर्व्हरला यूपीएस द्या, बॅटरी उरली तर राउटरला.