दोन बोअरमधले खडकाचे थर कसे जुळवायचे

शेजारच्या वावरात १८० फुटांवर पाणी लागलं, की धुऱ्याच्या अलीकडेही १८० फुटांवरच लागेल असं धरून चालतात. पण खोली मोजतात ती बोअरच्या तोंडापासून, आणि दोन तोंडं क्वचितच एका उंचीवर असतात. तेलाच्या विहिरींमध्ये भूवैज्ञानिक जे करतात तेच इथे करायचं: प्रत्येक बोअरमधले थर क्रमाने लिहायचे, सगळे एका पातळीवर आणायचे आणि मग ओळखीचा थर ओळखीच्या थराला जोडायचा. तेलवाल्यांनी १९२७ मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन तेलक्षेत्रात पहिल्यांदा विहिरीत उपकरण सोडून थरांचा विद्युतरोध मोजला. शिवारात तसं उपकरण नसतं, पण बोअर मारताना वर येणारी खडकाची भुकटी आणि घड्याळ असतं. जुळवणीला तेवढं पुरतं.

यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, अमरावती या पट्ट्यातला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, जवळजवळ आडवे बसलेले थर. एका थराचा मधला भाग घट्ट काळा, तर माथा छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, मऊ. तो मांजऱ्या. दोन लाव्हांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरू सापडतो. जुळवणीची खूण म्हणून गेरूसारखं काही नाही.

भुकटी नीट घ्या

दर ५ फुटांना एक मूठ भुकटी घ्या. बोअरमध्ये उतरणाऱ्या रॉडवर खडूने खुणा करा आणि बोअर मारणारी गाडी आल्यावर रॉडची लांबी टेपने मोजा. एक रॉड मोजायचा राहिला तर त्याखालचे सगळे थर तेवढ्याने चुकतात. भुकटी चहाच्या गाळणीत धुऊन पांढऱ्या ताटलीत पसरा. गेरू ओल्या बोटाला लाल रंग सोडतो. धुताना तो पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून धुण्याआधीच रंग पाहून लिहा. मग नमुना पुडीत बांधून वर खोली टाका.

केसिंगपर्यंतचा, म्हणजे पाइप बसवतात तो वरचा भाग बहुतेक जण सोडून देतात. तसं करू नका. पाणी लागल्यावर भुकटी गोळे होऊन उशिरा वर येते आणि वरच्या कडा ढासळून जुना चुराही तिच्यात मिसळतो. अशा वेळी नवा रंग पहिल्यांदा कधी दिसला, एवढंच धरा. तो पुढे किती वेळ येत राहिला यावरून थराची जाडी काढू नका.

दुसरी नोंद वेळेची. प्रत्येक रॉड उतरायला किती मिनिटं लागली ते लिहा. काळ्या खडकात वेळ वाढतो, मांजऱ्यात झपकन उतरतो. दोन बोअरच्या मिनिटांची थेट तुलना करू नका, कारण बिटची, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाची झीज आणि कंप्रेसरचा दाब वेगळा असतो. चढउताराचा नमुना तेवढा पाहा.

सगळी तोंडं एका पातळीवर

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मोबाइलवर दिसणारी उंची कित्येक मीटरने चुकू शकते, तिच्यावर विसंबू नका. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घ्या, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. गावातला एखादा पक्का ओटा १०० फूट धरा आणि तिथून टप्प्याटप्प्याने प्रत्येक तोंडापर्यंत जा. परत ओट्यापर्यंत मोजत या. अर्ध्या फुटापेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

आता तोंडाच्या उंचीतून खोली वजा करा. समजा, पहिल्या बोअरचं तोंड १०० वर आणि गेरू ६२ फूट खोल: पातळी ३८. दुसऱ्याचं तोंड ८२, गेरू ४३ वर: पातळी ३९. तिसऱ्याचं तोंड ९५, गेरू दोनदा, २८ आणि ५८ वर: पातळी ६७ आणि ३७.

पट्ट्या आणि रेघा

आलेख कागदावर १ सेंटीमीटरला १० फूट धरून प्रत्येक बोअरची पट्टी रंगवा आणि पट्ट्या पातळीप्रमाणे शेजारी लावा. घाई करणारा माणूस वरून पहिला गेरू पहिल्याला जोडेल आणि तिसऱ्या बोअरपाशी जमीन २८ फूट वर सरकली असं ठरवेल. खरं तर ३८, ३९ आणि ३७ हा एकच थर आहे. ६७ चा गेरू वरचा वेगळा थर: पहिल्या बोअरमध्ये तो ३३ फुटांवर, न पाहिलेल्या केसिंगच्या भागात असणार, तर दुसऱ्यात १५ फुटांवर, म्हणजे मुरमात मिसळून गेलेला.

खात्रीसाठी एका थरावर थांबू नका. गेरूखालच्या मांजऱ्याची जाडी आणि त्याखालचा काळा खडक तिन्ही पट्ट्यांत त्याच क्रमाने आहे का, ते पाहा. जोडणाऱ्या रेघा एकमेकींना छेदत असतील तर जुळवणी चुकली आहे. एखाद्या बोअरमध्ये गेरू मिळालाच नाही तर आधी नमुने पुन्हा पाहा. गेरू पातळ होत मध्येच संपतोही. दोन खुणांमधला खडकच गायब असेल तरच जमीन सरकल्याचा विचार करा.

पूर्णा नदीच्या गाळाच्या पट्ट्यात ही खूण चालत नाही. तिथे वाळूचे थर भिंगासारखे असतात, शंभर पावलांवर संपतात. तिथे बोअर जवळजवळ हवेत, आणि गोडं की खारं पाणी हेही प्रत्येक थरासमोर लिहायला हवं.

पहिल्या बोअरचं पाणी १८० वर, म्हणजे पातळी उणे ८०. तोच थर दुसऱ्यात १६२ आणि तिसऱ्यात १७५ फुटांवर यायला हवा. थर मिळेल, पण पाणी भेगांवर अवलंबून आहे. नव्या बोअरचं तोंड ८८ वर असेल तर गेरू ५० च्या आसपास येईल. ४५ फुटांपासून दर २ फुटांना भुकटी घ्या आणि गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण गेरू पाण्याने फुगून ढासळतो आणि रॉडच्या टोकाचा हॅमर अडकतो तो तिथेच.