जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी सुधारताना
१९९० च्या आधीच्या गाडीतला मूळ एसी बहुधा आर-१२ गॅसवर चालतो. तो आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर न्यायचा तर नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. वंगण न मिळाल्याने कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) जाम होऊ शकतो. म्हणून सिस्टिम फ्लश करून (आतून धुऊन) नव्या गॅसमध्ये मिसळणारं एस्टर ऑइल घाला, ओ-रिंग (सांध्यांवरची रबरी कडी) आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवे बसवा. गॅस मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरा.

हात आखडता घ्यावा लागला, तरी पॅरलल-फ्लो कंडेन्सरवर (समांतर बारीक नळ्यांतून गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) काटकसर नको. उन्हात, ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत खरा फरक तिथेच पडतो. काढलेले मूळ भाग मात्र जपून ठेवा, आणि ब्रॅकेटसाठी बॉडीला नवी भोकं कृपया पाडू नका.