तलावाला बाइकवरून प्रदक्षिणा, मुक्काम तंबूत: या चुका टाळा

मोठ्या तलावाच्या काठावर तंबू टाकला की रात्री पलीकडच्या गावाचे दिवे दिसतात. पाण्यावरून वीसेक किलोमीटर, फार तर पंचवीस. ‘उद्या दुपारचं जेवण तिकडेच’ असं कुणीतरी बोलून जातं. सकाळी नकाशा उघडल्यावर कळतं की रस्त्याने ते गाव अडीचशे किलोमीटरवर आहे आणि जेवण वाटेतच कुठेतरी उरकावं लागणार.

सरळ रस्त्याच्या ट्रिपमध्ये काही बिनसलं तर मागे वळता येतं. तलावाच्या फेरीत अर्ध्यावर पोहोचलात की पुढे जा नाहीतर मागे फिरा, घर सारखंच लांब. मधून रस्ता नाही, मध्ये पाणी आहे. नियोजनातल्या बऱ्याच चुका या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात. उरलेल्या चुका पाण्याच्या स्वभावाकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

एकूण अंतर भागिले दिवस

आधी आपला तलाव नेमका केवढा आहे ते बघा. जिनिव्हा सरोवराची फेरी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास भरते, ती एका दिवसातही होते. लेक सुपिरियरची फेरी दोन हजार किलोमीटरच्या पुढे जाते. रशियातल्या बैकलला तर पूर्ण फेरी घालणारा रस्ताच नाही. तिथे एका बाजूने जाऊन परतच यावं लागतं. निघण्याआधी सॅटेलाइट नकाशावर सगळा रस्ता बोट फिरवून पाहा. कुठे डांबर संपतं, कुठे रस्ता काठ सोडून तीस किलोमीटर आत वळतो, हे त्यातच दिसतं.

मग नेहमीची चूक: दोन हजार किलोमीटर, सहा दिवस, म्हणजे रोज साडेतीनशेच्या आत. कागदावर सोपं आहे. पण काठच्या वळणांच्या रस्त्यावर थांबे धरून ताशी पन्नासची सरासरी पडली तरी पुष्कळ. म्हणजे सात तास. सकाळी तंबू गुंडाळून, चहा करून, सामान बांधून निघायला दीड तास जातो (पहिल्या दिवशी दोन), संध्याकाळी जागा शोधून तंबू उभारायला एक. शिवाय अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामी पोहोचायला हवं, कारण हरणांसारखे प्राणी रस्त्यावर येतात ते संधिप्रकाशातच. हा सगळा हिशेब घातला की दिवसाला दोनशे ते अडीचशे किलोमीटर हा आकडा उरतो. मी तोच धरतो.

राखीव दिवस ठेवणारे तो शेवटी ठेवतात. तो फेरीच्या मध्यावर, घरापासून सगळ्यात लांबच्या टोकाला ठेवा. पाऊस, पंक्चर, अंगात कणकण, काहीही झालं तरी तिथे एक दिवस हाताशी असतो. शेवटी ठेवलेला दिवस तिथे अडकलेल्याच्या कामाचा नसतो.

तलाव दोन देशांत पसरलेला असेल तर कागदपत्रं वेगळी बघावी लागतात. सुपिरियरच्या काठी अमेरिका आणि कॅनडा, टिटिकाकाच्या काठी पेरू आणि बोलिव्हिया, व्हिक्टोरियाच्या काठी केनिया, युगांडा आणि टांझानिया. बाइकचा विमा पलीकडे चालतो का, बाइक दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतिपत्र लागतं का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या. वेळेचीही गंमत असते: सुपिरियर आणि मिशिगन या दोन्ही तलावांच्या फेरीत घड्याळ एका तासाने बदलतं. कॅम्पसाइटचं ऑफिस सहाला बंद होतं, आणि तुमच्या मनगटावर तेव्हा पाच वाजलेले असतात.

कुठल्या बाजूने फिरायचं?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. वाहतूक डावीकडून चालत असेल तर तलाव डाव्या हाताला ठेवा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरा. वाहतूक उजवीकडून असेल तर काट्यांच्या दिशेने. पाणी आपल्या बाजूला राहतं आणि फोटोसाठी थांबताना समोरून येणाऱ्या गाड्यांमधून रस्ता ओलांडावा लागत नाही. खऱ्या प्रदक्षिणेचा नियम उजव्या वाहतुकीलाच लागू पडतो. डावीकडून चालवणाऱ्यांना उलटी घालावी लागते, त्याला इलाज नाही. वाऱ्याचा जोर एकाच बाजूने असेल तर मात्र त्या बाजूचा किनारा सकाळीच उरकता येईल असा मुक्काम आखा.

हवामान शहराचं पाहायचं, राहायचं काठावर

मोठा तलाव सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला आतल्या गावात उकडत असताना काठावर स्वेटर लागतो, आणि शरद ऋतूत उलट काठ थोडा उबदार राहतो. गार पाण्यावर उबदार, दमट हवा आली की धुकं धरतं. वळणांच्या रस्त्यावर ते अचानक समोर येतं. फोनवरचा अंदाज बहुधा जवळच्या शहराचा असतो, आणि ते शहर काठापासून वीस किलोमीटर आत असेल तर त्याचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

दुपारी जमीन तापते, तेव्हा वारा तलावाकडून जमिनीकडे वाहतो. रात्री जमीन आधी गार होते आणि वारा उलटतो. म्हणून संध्याकाळी वाऱ्याकडे पाठ करून लावलेल्या तंबूच्या दारातून पहाटे थेट वारा आत शिरतो.

चालत्या बाइकवरची थंडी लोक धरतच नाहीत. हवा दहा अंशांवर असेल आणि बाइक ताशी ऐंशीने जात असेल तर उघड्या कातडीला ती चार-पाच अंशांसारखी लागते. जाड जॅकेटपेक्षा वारा अडवणारा पातळ थर आणि आत एक उबदार थर जास्त कामाचा, कारण दुपारी एक काढून ठेवता येतो.

स्लीपिंग बॅगच्या लेबलावर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. पिशवीवर मोठ्या अक्षरांत बहुधा यातला विकणाऱ्याच्या सोयीचा आकडा छापलेला असतो. तुम्ही कम्फर्ट बघा. एक्स्ट्रीम म्हणजे त्या थंडीत जीव वाचेल एवढंच, झोप लागेल असं नव्हे. आणि अंगाखाली दबलेली बॅग उब देत नाही, ती मॅट देते. महागडी बॅग आणि पातळ मॅट घेऊन मी एकदा रात्रभर कुशी बदलत काढली आहे. पाठ गार, पोट गरम.

सामान

हा सगळ्यात मोठा विषय, कारण इथली चूक पुढे टायर, ब्रेक, चेन आणि तुमची कंबर अशा सगळ्यांवर निघते.

बाइकच्या माहितीपुस्तिकेत कमाल एकूण वजन दिलेलं असतं. समजा ते ३५० किलो आहे आणि पेट्रोलसह बाइक १९५ किलोची आहे. उरले १५५. तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बुटांसह ९० किलो. उरले ६५. कॅरियर आणि दोन रिकाम्या पेट्यांचे १५ गेले. म्हणजे तंबू, कपडे, भांडी, पाणी, हत्यारं, खाणं मिळून ५० किलो. मागे कुणी बसणार असेल तर हिशेब तिथेच संपतो. एक तर सामान घरी ठेवा, नाहीतर दोन बाइक काढा.

जड वस्तू खाली आणि पुढे: हत्यारं, पाणी, डबे साइडच्या पेट्यांत, तळाशी, सीटच्या बाजूला. तंबू आणि स्लीपिंग बॅग हलकी असतात, ती मागच्या सीटवर आडवी. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे असतो. त्यात जड काही भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेग वाढला की हँडल डुलायला लागतं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं करायला घरातला तागडी-काटा चालतो.

मग बाइक जुळवून घ्यायची. भारासाठी मागच्या टायरमध्ये किती हवा लागते ते चेनगार्डजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ती टायर गार असताना भरा. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवा. चेनचा ताण सामान चढवून, वर बसून तपासा, कारण भाराने तो बदलतो. आणि हेडलाइट थोडा खाली करा. मागे वजन आलं की नाक वर जातं आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड.

बांधायला आकड्यांच्या बंजी दोऱ्यांपेक्षा बकलचे सपाट पट्टे घ्या. बंजी ताणते, सामान सरकतं, आणि सुटलेला आकडा चाकात अडकला तर काय होईल ते सांगायला नको. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गाठ मारून आत खोचा.

हे सगळं बांधून घरापासून तासाभराच्या अंतरावर एक रात्र काढून या. स्टोव्हला काडेपेटी लागते हे तिथे आठवलेलं बरं.

पेट्रोलबद्दल एवढंच: भरलेल्या बाइकचं अॅव्हरेज उतरतं, समोरून वारा असेल तर आणखी. टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरायचं, पुढच्या पंपाची आशा करायची नाही.

पाण्याला लागून तंबू

फोटो सुंदर येतो. रात्र वाईट जाते. रेतीत साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत रेती भरून, तिला दोरी बांधून, पिशवी हातभर खोल पुरा. मग ती वाऱ्यालाही दाद देत नाही.

पाण्याची पातळी स्थिर असते हा समज सोडा. जोराचा वारा मोठ्या तलावाचं पाणी एका टोकाला ढकलतो आणि वारा पडला की ते हेलकावे खात परत येतं. एरी तलावात नैर्ऋत्येच्या वादळात दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडलेला आहे. काठावर वाहून आलेल्या काटक्यांची, कचऱ्याची रेघ दिसते, तिच्या बरंच वर तंबू लावा. डोक्यावर वाळलेली फांदी नाही ना, तेही बघा. अगदी खोलगटातही नको, तिथे गार हवा साचते आणि तंबू आतून ओला होतो.

बाइक लावताना तिचं तोंड बाहेरच्या दिशेने ठेवा. सकाळी भरलेली बाइक रेतीतून मागे ढकलणं एकट्याच्या आवाक्यात नसतं. साइड स्टँडखाली सपाट लाकूड किंवा चेपलेला डबा ठेवा. संध्याकाळी घट्ट वाटलेली जमीन पहाटेच्या पावसात मऊ होते. आणि बाइक तंबूपासून इतकी लांब ठेवा की पडली तरी तंबूवर येणार नाही.

तंबूत स्टोव्ह पेटवू नका, पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाण्याच्या वस्तूही आत नकोत.

तलावाचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तसंच पिऊ नये. ते खळखळून एक मिनिट उकळा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. टिटिकाका ३,८१२ मीटरवर आहे, इसिक-कुल १,६०७ मीटरवर. पाण्यावर हिरवी साय किंवा रंगासारखा थर दिसला तर ते पाणी उकळूनही घेऊ नका. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळल्याने जात नाही. भांडी घासायची तर पाणी साठ मीटर लांब नेऊन घासा, साबण तलावात जाऊ देऊ नका.

वाटेत अडलं तर

सकाळी बाइक सुरू होत नाही: आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग न्यूट्रल, मग साइड स्टँड. रात्री सामान काढताना यातलं काहीतरी हाताने हललेलं असतं. स्टार्टर नुसताच टकटक करत असेल तर बॅटरी उतरली आहे, बहुधा रात्रभर फोन लावून ठेवल्यामुळे. उतारावर ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून बघा.

वेगात मागचं टोक डुलतं: एकदम ब्रेक मारू नका. हँडलवरची पकड सैल, वेग हळूहळू कमी. थांबून आधी टॉप बॉक्स हलका करा, मग मागच्या टायरची हवा बघा.

उंचावर बाइक दमल्यासारखी वाटते: दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते, हा बिघाड नाही. कार्ब्युरेटरच्या बाइकमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, ती काळा धूर टाकते आणि धडधडते. गिअर एक खालचा धरा.

लांब उतारानंतर ब्रेक मऊ लागतो: फ्लुइड तापलंय. थांबा, निवू द्या, पुढे गिअर खाली ठेवून इंजिनवर वेग आवरा. नेहमीच मऊ लागत असेल तर ट्रिपआधी बदलायला हवं होतं.

पंक्चर: सगळं सामान उतरवल्याशिवाय बाइक उचलू नका. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तिथे टायरमध्ये खुपसायची प्लग-पट्टी उपयोगाची नाही. आपल्या चाकात काय आहे ते घरीच बघून त्याप्रमाणे किट घ्या, आणि छोटा पंप.

तंबू ओला गुंडाळावा लागला: स्लीपिंग बॅगपासून वेगळा, बाहेर बांधा. दुपारच्या जेवणाला थांबाल तेव्हा बाइकवर पसरा. वाऱ्यात वीस मिनिटांत सुकतो.

आणि खरोखरच पुढे जाता येत नसेल तर बोटीचं बघा. काही तलावांवर गाड्या नेणाऱ्या फेऱ्या असतात; मिशिगन तलावावर लडिंग्टन ते मॅनिटोवॉक अशी एक जाते, हंगामात, चार तासांत. अशा बोटींचं वेळापत्रक निघण्याआधीच लिहून घ्या, कारण गरज पडते तेव्हा रेंज नसते. डेकवर बाइक साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढचा ब्रेक रबराने आवळा, आणि बांधायचे पट्टे आपलेच वापरा. सीटवरून पट्टा टाकताना खाली टॉवेल घाला, नाहीतर पलीकडच्या काठावर सीटवर कायमची खाच घेऊन उतराल.