नवीन बंदिस्त फ्लॅटमध्ये ताजी हवा कशी आणायची, ईआरव्ही (आत-बाहेरच्या हवेत उष्णता आणि बाष्पाची अदलाबदल करणारं मशीन) घ्यायचा की साधा पंखा पुरेल?

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की फर्निचर, पीओपी, एसीचे पॉइंट सगळं ठरतं, पण ताजी हवा कुठून येणार हे कुणी विचारतच नाही. जुन्या घरांत लाकडी खिडक्यांच्या फटींतून आणि झरोक्यांतून हवा आपोआप खेळायची, आता यूपीव्हीसीच्या गॅस्केटवाल्या खिडक्या, मायवानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) सलग काँक्रीट भिंती, वर एसीची हवा जाऊ नये म्हणून दाराखाली ब्रश सील, म्हणजे खिडकी लावली की खोली खरोखर बंद होते. आणि एक गैरसमज आधीच काढून टाका, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो.

हिशोब करून बघा. १० बाय १२ ची बेडरूम, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचे झाले २४. फट अजिबात नाही असं धरलं तर दर तासाला ७५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ७५० भागांची) भर पडते. बाहेरची हवा ४२० च्या आसपास असते, म्हणजे रात्री ११ ला दार लावून झोपलात तर १ वाजता आकडा १९०० च्या वर. प्रत्यक्षात थोडीफार गळती असतेच त्यामुळे तो जरा हळू चढतो, पण पहाटे २००० दिसणं अगदी कॉमन आहे, आणि सकाळी डोकं जड वाटलं की लोक एसीला दोष देतात. हाच आकडा १००० च्या आत ठेवायचा तर त्या दोघांसाठी ताशी ४० घनमीटर ताजी हवा लागते, म्हणजे साधारण २४ सीएफएम (मिनिटाला घनफूट). मशीन निवडताना हा आकडा डोक्यात ठेवा. पूर्ण घरासाठी अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन इंजिनियरांच्या संस्थेच्या ६२.२ या मानकाचं सूत्र वापरता येतं, चौरस फूट गुणिले ०.०३, अधिक बेडरूमची संख्या अधिक एक याच्या साडेसात पट. ७५० कार्पेटच्या टू बीएचकेला ४५ सीएफएम येतात.

आता मुख्य प्रश्न, तुम्ही राहता कसे? वर्षातले बरेच महिने खिडक्या उघड्याच असतात, एसी फक्त एप्रिल-मेमध्ये, रस्ता लांब आणि हवा बरी, असं असेल तर महागड्या सिस्टिमच्या मागे लागू नका, खिडक्यांवर खर्च करा. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, केसमेंट, म्हणजे दारासारखी उघडणारी, जवळजवळ पूर्ण. इको निवास संहितेत, म्हणजे केंद्राच्या घरांसाठीच्या ऊर्जा-बचत नियमावलीत, मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट भागासाठी उघडणारा भाग कार्पेटच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश तरी हवा असं आहे. बिल्डरच्या प्लॅनवर काचेचं पूर्ण माप मोजू नका, जेवढं उघडतं तेवढंच मोजा.

याउलट हायवेला लागून घर, खाली बांधकामाची धूळ, घरात दमेकरी माणूस, वर्षभर रात्री एसी, असं असेल तर मशीन लागणारच.

पण कुठलंही मशीन घ्यायच्या आधी किचन आणि बाथरूम नीट करा, कारण घाण जिथे तयार होते तिथूनच काढणं सगळ्यात स्वस्त पडतं. चिमणी बाहेर डक्ट असलेलीच घ्या, बिनडक्टची चिमणी तेल अडवते पण वाफ घरातच सोडते. बाथरूमच्या एक्झॉस्टला ५० सीएफएम पुरतात, फक्त दाराखाली पाऊण इंच फट ठेवा नाहीतर पंखा नुसताच फिरत राहतो. दार लावून फटीपाशी टिश्यू पेपर धरा, तो आत ओढला गेला तर हवा जातेय. आणि गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच, ड्राय बाल्कनीत किंवा बाहेर मोकळ्यावर लावा, बंद बाथरूममधल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

चिमणीची आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बॉक्सवर ताशी १००० ते १२०० घनमीटर लिहिलेलं असतं, आणि ७५० फुटांच्या अख्ख्या घरात हवा असते साधारण २०० घनमीटर. डक्टच्या बेंडमुळे प्रत्यक्षात कमी ओढली जाते, तरी खूप. सगळ्या खिडक्या बंद ठेवून चिमणी फुल स्पीडला टाकली की आत हवा यायला वाट लागते, मग ती न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी साठवून वास अडवणाऱ्या भांड्यातून येते. गेस्ट बाथरूम महिनाभर वापरलं नसेल तर ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं आणि फोडणी घालताना घरात गटाराचा वास येतो, लोक प्लंबरला बोलावतात पण दोष पाइपाचा नसतोच. ट्रॅपमध्ये मधूनमधून मगभर पाणी ओता आणि चिमणी चालू असताना एक लांबची खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

हे झालं की बेडरूमकडे वळा. बजेट कमी असेल तर भिंतीतून फिल्टर लावून बाहेरची हवा आत ढकलणारा छोटा फ्रेश एअर पंखा चांगला पर्याय आहे, फक्त पावसाळ्यात बाहेरचा दमटपणा तसाच आत येतो आणि एसीवर लोड वाढतो. बजेट असेल आणि फॉल्स सीलिंग होणारच असेल तर ईआरव्ही. यात आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एका कोअरमधून (पातळ पडद्यांच्या ठोकळ्यातून) न मिसळता जाते आणि उष्णतेबरोबर बाष्पाचीही देवाणघेवाण होते. एचआरव्ही फक्त उष्णता वाचवतो, तो थंड देशात ठीक, आपल्याकडे मुंबई, ठाणे, रत्नागिरीला एसीच्या घरात ईआरव्हीच घ्या. पण ईआरव्ही म्हणजे डीह्युमिडिफायर नव्हे, एसी बंद असेल तर घराबाहेर जेवढा दमटपणा तेवढाच आत राहणार.

भिंतीत बसणारे, दर मिनिटभराने हवेची दिशा बदलणारे सिरॅमिक कोअरवाले छोटे पंखेही मिळतात. ते जोडीने लावावे लागतात आणि बऱ्याच मॉडेलना जाड भिंत लागते, आपली सहा इंची भिंत पुरत नाही, त्यामुळे माप बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

कोअर कटिंगचं, म्हणजे डक्टसाठी भिंतीला गोल भोक पाडायचं, फर्निचर सुरू व्हायच्या आधी ठरवा. मायवानची भिंत म्हणजे बिल्डिंगचा भार घेणारी भिंत, तिला भोक पाडायचं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी घ्या, सोसायटीची परवानगी घ्या, आणि बीमला तर हातच लावू नका, डक्ट बीमखालून वळवा. हवा आत घ्यायचं तोंड किचन-टॉयलेटच्या एक्झॉस्टपासून निदान १० फूट लांब असावं आणि टॉयलेटच्या डक्टमध्ये तर अजिबात नको. एसीच्या लेजवर कबुतरं बसतात तिथेही नको, त्यांच्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना खरंच वाईट, जाळी लावून ती अडत नाही.

कोटेशन बघताना नुसते सीएफएम विचारू नका, किती पास्कलला, म्हणजे डक्टच्या किती दाबाविरुद्ध, ते विचारा, कारण डक्ट जोडल्यावर हवा कमी होते. थोडं मोठं मशीन घेऊन मिडियमवर चालवा, बेडरूममध्ये आवाज ३० डेसिबलच्या आत हवा, नाहीतर दोन रात्रींत घरचे बंद करून टाकतील. मोटर ईसी किंवा डीसी, म्हणजे कमी वीज खाणारी घ्या, ४० वॅटचं मशीन २४ तास चाललं तरी महिन्याला २९ युनिट, १० रुपये दर धरला तर २९० रुपये. गार हवेच्या डक्टना नायट्रिल इन्सुलेशन लावून घ्या, नाहीतर पावसाळ्यात घाम धरून पीओपीवर डाग पडतात. बेडरूमच्या दाराखालचं ब्रश सील काढा, हवेला परत जायला वाट हवी.

काम संपल्यावर प्रत्येक ग्रिलपाशी ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) धरून हवा मोजून द्यायला सांगा आणि मगच शेवटचा हप्ता द्या. स्वतः एक सीओटू मीटर घ्या, एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरवालाच, स्वस्तातले बरेच मीटर सीओटू न मोजता अंदाजाने आकडा दाखवतात. आधी बाल्कनीत ठेवून ४२० च्या आसपास येतो का बघा, मग रात्रभर बेडरूममध्ये ठेवा. फिल्टर एफ ७ दर्जाचा (बारीक धूळ अडवणारा), खुर्चीवर उभं राहून स्वतः काढता येईल अशा जागी, आणि समोर बांधकाम चालू असेल तर पहिल्या वर्षी दर महिन्याला उघडून बघा.