पद्मिनीच्या मागच्या दिव्यांची घट्ट बसलेली भिंगे कशी काढली

मुंबईच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीच्या मागच्या दिव्यांची लाल भिंगे निघत नाहीत, कारण त्यांचे स्क्रू गंजून जाम होतात आणि खालचे रबरी गॅस्केट (पाणी आत जाऊ न देणारी पट्टी) कडक होऊन भिंगाला चिकटते. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून येथे जोर करणे मला मुळीच मान्य नाही.

बॅटरीची तार काढून मी प्रथम स्क्रूच्या खाचेतला रंग व गंज टोकदार सळईने खरवडला, कारण पेचकस खाचेत पूर्ण बसला नाही तर खाच झिजते आणि मग स्क्रूचे डोके ड्रिलने कापण्यावाचून उपाय उरत नाही. गंज सोडवणारे तेल सिरिंजने केवळ स्क्रूच्या डोक्याभोवती थेंबभर सोडले व ओघळ तत्काळ पुसला. थिनर, पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोन यांनी भिंगाच्या प्लास्टिकला, म्हणजे अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. रात्रभर तेल मुरल्यावर स्क्रू आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला. या उलटसुलट हालचालीने गंजाची पकड सुटते.

भिंग तरीही हलेना. गरम पाण्यात पिळलेले फडके कडेने धरून रबर मऊ केले आणि मासेमारीची नायलॉन दोरी भिंग व गॅस्केट यांच्या फटीत घालून करवतीसारखी ओढत नेली. हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र) टाळावी, कारण अ‍ॅक्रिलिक सुमारे १०० अंश सेल्सियसला मऊ पडून वाकते.

बसवताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि गॅस्केटवर सिलिकॉन ग्रीस वापरले.