कपातीत नारळ मिळाला आणि सांगलीत परत आलात, तर हे वाचा

मागच्या दोन-तीन वर्षांत आयटीतली नोकरी गेल्यावर पुण्यातनं बॅगा घेऊन विश्रामबागला परत आलेली पोरं बरीच आहेत, त्यातलाच मी एक. आता मार्केट जरा हलायला लागलंय, कन्सल्टन्सीवाल्यांचे फोन येतायत, म्हणून नवीन पोरांसाठी लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी राजीनाम्याचं. आयटीत "तुला काढलं" असं लिहून कोण देत नाही. मीटिंगला बोलवतात, एचआर एकदम गोड बोलतो, राजीनामा टाका म्हणजे रेकॉर्ड क्लीन राहील, आणि पोर्टल समोर उघडूनच ठेवलेलं असतं. मी म्हणलं घरी बोलून सांगतो, काय देताय ते मेलवर पाठवा. मग आकडा थोडा वाढला. त्याचं कारण असं की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. इंजिनीअर कामगारात मोडतो का हा वाद कोर्टात चालूच असतो, ते सोडा, पण स्वतःहून राजीनामा टाकला की मागायला काही उरतच नाही. त्यामुळं मेल आल्याशिवाय बटण दाबू नका.

पीएफ लगेच काढू नका, पाच वर्षांच्या आत ५० हजारांच्या वर काढला तर टीडीएस कापतात. आणि जुन्या कंपनीनं एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकलीच नाही तर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर आपली आपल्याला टाकता येते, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

आता घरी बसलेल्यांचा फायदा सांगतो, ऐकायला विचित्र वाटेल. नोकरीत असलेल्याला ६० नाहीतर ९० दिवसांची नोटीस असते आणि क्लायंटला माणूस पुढच्या सोमवारी पाहिजे असतो, तर तुम्ही लगेच जॉइन होऊ शकता हाच तुमचा हुकमाचा पत्ता. नोकरी पोर्टलवर नोटीस पिरियड "१५ दिवस किंवा कमी" असा ठेवा आणि प्रोफाइलमध्ये रोज काहीतरी बदला, अगदी एक शब्द बदलला तरी चालेल, रिक्रूटर अ‍ॅक्टिव्ह असलेल्यांचीच यादी आधी उघडतो.

मार्केट सुधारताना पहिल्यांदा पर्मनंट जागा निघत नाहीत, काँट्रॅक्टच्या निघतात. क्लायंट मोठा, पगाराची स्लिप तिसऱ्याच कंपनीची. आमच्याकडं नातेवाईकांना हे कमीपणाचं वाटतं, पण मी घेतली ती नोकरी आणि परत घेईन. फक्त पीएफ भरतात का आणि काँट्रॅक्ट किती महिन्यांचं आहे ते लेखी घ्या.

फ्रेशर लोकांनो, ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. २०२२ च्या बॅचमधली कित्येक पोरं ऑफर हातात घेऊन वर्ष-वर्ष, काही तर त्याहून जास्त, जॉइनिंगची वाट बघत बसलेली. तोवर कुपवाड एमआयडीसीत अप्रेंटिसशिप मिळत असेल तर करा, मेकॅनिकलवाल्यांनी तर नक्कीच. पण पैसे देऊन खोटा अनुभव विकत घेऊ नका, यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, कुठं कधी होता ते तारखांसकट दिसतं आणि व्हेरिफिकेशनमध्ये पकडले गेलात की जॉइन झाल्यावर पण काढतात. जॉइनिंगसाठी डिपॉझिट मागणाऱ्याचा नंबर सरळ ब्लॉक.

नोकरी असताना कंटाळून सोडायची असेल तर जॉइनिंगची तारीख असलेलं पत्र हातात पडेपर्यंत थांबा, तोंडी ऑफरी या काळात बिनधास्त मागं घेतल्या जातायत.

आणि इंटरव्ह्यू परत समोरासमोर घ्यायला लागलेत, ऑनलाइनला एआय बघून उत्तरं देणाऱ्यांची कृपा. सांगलीतनं रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली की पहाटे कात्रजला सोडते, मित्राच्या रूमवर आवरून हिंजवडी गाठायची तर सकाळचं ट्रॅफिक धरून निघा, नाहीतर सरळ दुपारचा स्लॉट मागा, बहुतेक वेळा देतात.