साखर पकडणारा विषाणू आणि माझी पहिली प्लेट

एमएस्सीला कार्बोहायड्रेटचा धडा मी ऑप्शनला टाकला होता. पुढे फ्लूच्या विषाणूवर काम सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात तो धडा पुन्हा उघडावा लागला.

या विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या पेशीवरच्या साखरेच्या साखळीचं टोक, म्हणजे सायलिक आम्ल, पकडतं. हे टोक मागच्या गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडलंय की सहाव्या, हे फार महत्त्वाचं. पक्ष्यांच्या फ्लूला तिसऱ्याची जोडणी आवडते, माणसांच्या फ्लूला सहाव्याची. आपल्या नाकाघशात सहाव्याचीच जास्त असते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पण माणसांत साथ पसरली नाही. त्यामागच्या कारणांपैकी हे एक. उलट १९६८ च्या हाँगकाँग फ्लूत हिमॅग्लुटिनिनच्या २२६ आणि २२८ या दोन जागांची अमिनो आम्लं बदललेली होती, आणि तेवढ्यानं पसंती सहाव्याकडे वळली होती.

नव्यानं येणाऱ्यांनी आधी एचए टेस्ट, म्हणजे विषाणू तांबड्या पेशींना पकडून गुंफतो का हे बघणारी चाचणी, हातात बसवावी, प्रथिनांच्या रचनांची चित्रं नंतर. कोंबडीच्या तांबड्या पेशी पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) हलक्या हातानं धुवायच्या, अर्धा टक्क्याचं मिश्रण करून प्लेटच्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यांत, नमुन्यावर घालायच्या. विषाणू असेल तर पेशी एकमेकींत गुंफून तळभर गुलाबी जाळी पसरते. नसेल तर मधोमध लालभडक बटण बसतं. प्लेट तिरकी धरली की बटणाला अश्रूसारखा ओघळ येतो. तो ओघळ बघितल्याशिवाय विषाणूच्या प्रमाणाचा आकडा लिहू नका.

माझी एक प्लेट उन्हाळ्यात टेबलावरच राहिली. आधी सुंदर जाळी होती. जेवून येते तर बऱ्याच वेलमध्ये बटणं! विषाणू कमी पडला असं समजून मी सगळं पुन्हा केलं, दोन दिवस गेले. मग सीनियर ताईनं विचारलं, "प्लेट चार डिग्रीला ठेवली होतीस का गं?" विषाणूवर न्यूरामिनिडेज नावाचं दुसरं प्रथिनही असतं, ते तेच सायलिक आम्ल कापतं. उबेत ते जोरात चालतं, आणि विषाणू स्वतःच पकड सोडतो. नव्या विषाणूंना पेशीवरून सुटायला हेच लागतं. ऑसेल्टामिव्हिर हे औषध नेमकं तिथंच आडवं येतं. पुस्तकात दोन वेगळ्या परिच्छेदांत वाचलेलं त्या दिवशी एका वेलमध्ये दिसलं.

एका हिमॅग्लुटिनिनची एका साखरेवरची पकड अगदी कमजोर असते. विषाणूवर अशी शेकडो असतात, म्हणून तो चिकटून राहतो. त्यामुळे सुट्या साखरेनं त्याला अडवायचा प्रयोग फसला तर लगेच हताश होऊ नका.

आणि अलीकडच्या एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराचा नमुना असेल तर कोंबडीच्या पेशींवर जाळी न आल्यानं 'विषाणू नाही' असं लिहू नका. यातले बरेच विषाणू कोंबडीच्या पेशी आता धड पकडतच नाहीत. गिनीपिगच्या पेशी घेऊन बघा.